फ्रेंच हॉर्नची साफसफाई आणि तेलपाणी: कोणत्या क्रमाने काय करायचं

दुरुस्तीसाठी येणाऱ्या बऱ्याच हॉर्नमध्ये मोडतोड काहीच झालेली नसते. व्हॉल्व्ह जड चालतो, लिव्हर दाबली की खडखडतं, एखादी स्लाइड (आत-बाहेर सरकणारी वळणदार नळी) हलतच नाही, आणि या सगळ्याचं मूळ घरी केलेल्या साफसफाईत असतं. साफसफाई झालेली असते, पण क्रम चुकलेला असतो. आपल्याकडे हॉर्नकडे वळणारे बरेचजण आधी ट्रम्पेट किंवा युफोनियम वाजवत असतात, त्यामुळे हात पिस्टनला सरावलेला असतो. पिस्टन बाहेर काढला, पुसला, तेल लावलं, परत बसवला की काम झालं. हॉर्नमध्ये रोटरी व्हॉल्व्ह असतात, म्हणजे आतला भाग (रोटर) वर-खाली न जाता जागच्या जागी फिरतो. ते वरून उघडत नाहीत, तेल थेट त्यांच्यापर्यंत पोचत नाही, आणि स्लाइडचं ग्रीस चुकीच्या वाटेने आत गेलं तर व्हॉल्व्ह चिकटतो.

खालची पद्धत नेहमीच्या एफ/बी-फ्लॅट डबल हॉर्नसाठी आहे, ज्यात नळ्यांचे दोन संच असतात, एक एफ सुराचा, एक बी-फ्लॅटचा: बोटांचे तीन रोटर आणि एका संचावरून दुसऱ्यावर नेणारा अंगठ्याचा चौथा. सिंगल एफ हॉर्न असेल तर बी-फ्लॅट बाजूचा भाग सोडून द्या, बाकी सगळं तसंच.

सुरुवातीआधी: काय जमवायचं, काय लांब ठेवायचं

तेल तीन प्रकारचं लागतं, आणि एकाचं काम दुसरं करत नाही.

रोटर तेल पातळ असतं. ते आत, रोटरच्या अंगावर जातं. बेअरिंग तेल त्याहून दाट, रोटरच्या दांड्याच्या वरच्या आणि खालच्या टोकाला लागतं. लिंकेज तेल सगळ्यात दाट, ते लिव्हरच्या सांध्यांसाठी. बेअरिंग आणि लिंकेज तेलाच्या बाटल्यांना सुईसारखं टोक हवं, नाहीतर एका थेंबाऐवजी पाच पडतात.

याशिवाय स्लाइडचं दाट ग्रीस, लवचिक लांब ब्रश, माउथपीसचा छोटा ब्रश, जुनी धुतलेली सुती फडकी, स्क्रूच्या खाचेत नेमका बसणारा चपटा स्क्रूड्रायव्हर, एक मोठा टॉवेल. लिव्हर आणि रोटर जोडणाऱ्या दोऱ्या बदलायच्या असतील तर विणलेला डेक्रॉनचा दोरा. वाद्यांच्या दुकानात मिळाला नाही तर मासेमारीचं सामान विकणाऱ्याकडे मिळतो. मागताना ‘विणलेला’ हे नक्की सांगा. एकेरी नायलॉनची तंगूस ताणली जाते आणि स्क्रूखालून सटकते. मांजा तर अजिबात नको, त्याची काच पितळ कापते.

> हे हॉर्नच्या जवळपासही नको: खोबरेल तेल (24 अंशांच्या आसपास थिजतं, पुण्या-नाशिकच्या थंडीत सकाळी रोटर जागचा हलणार नाही), व्हॅसलीन, गोडं तेल, भांडी चकचकीत करायची पावडर, चिंच, लिंबू-मीठ. पितळेचा तांब्या चिंचेने उजळतो. हॉर्नवरचं लॅकर (पितळेवरचा संरक्षक लेप) चिंचेने जातं, आणि लॅकर गेल्यावर पितळही खाल्लं जातं.

टप्पा 1: स्लाइड काढा, पण लिव्हर दाबून

टॉवेल टेबलावर पसरा. स्लाइड काढण्याआधी मोबाइलवर दोन फोटो काढा, एक समोरून, एक मागून. प्रत्येक स्लाइड किती बाहेर ओढलेली आहे ते त्यात दिसलं पाहिजे. नंतर सूर लावताना हा फोटो कामाला येतो.

आता क्रम असा. आधी मुख्य ट्यूनिंग स्लाइड. मग एफ बाजूची ट्यूनिंग स्लाइड आणि एफ बाजूच्या तीन व्हॉल्व्ह स्लाइड. शेवटी बी-फ्लॅट बाजूच्या. व्हॉल्व्हची स्लाइड ओढताना त्या व्हॉल्व्हची लिव्हर दाबून धरा. बी-फ्लॅट बाजूची असेल तर अंगठ्याचीही दाबा. लिव्हर न दाबता ओढलं तर आत पोकळी तयार होते, ‘फट्’ असा आवाज येतो, आणि तो झटका रोटरवरच्या तेलाच्या पातळ थराला बसतो. रोज पाणी काढतानाही हाच नियम.

काढलेल्या स्लाइड टॉवेलवर हॉर्नवर असतात त्याच मांडणीत ठेवा, एफच्या एका ओळीत, बी-फ्लॅटच्या दुसऱ्या. एफच्या लांब असतात, बी-फ्लॅटच्या आखूड. पहिल्या आणि तिसऱ्या स्लाइडमध्ये सहसा गोंधळ होत नाही. दुसरी मात्र इतकी छोटी असते की उलटी बसू शकते, आणि उलटी बसली की घट्ट होते किंवा सैल. वरच्या पायावर पेन्सिलीने बारीक खूण करा.

एखादी स्लाइड अडकली असेल तर? तिच्या वळणातून सुती फडकं ओवा, दोन्ही टोकं मुठीत धरा आणि सरळ, एकसारखं ओढा. आली तर आली. आली नाही तर थांबा आणि कारागिराकडे द्या. हातोडी, पक्कड, उकळतं पाणी यांपैकी काही वापरू नका. नळीचा सांधा सुटला तर त्याची दुरुस्ती स्लाइड सोडवण्यापेक्षा कितीतरी महाग पडते.

> तपासणी: प्रत्येक स्लाइडच्या पायांच्या तोंडाशी पाहा. काळपट, चिकट थर असेल तर मागच्या वेळी ग्रीस जास्त झालं होतं. तो थर पूर्ण पुसून काढल्याशिवाय नवं ग्रीस लावायचं नाही.

टप्पा 2: लीडपाइप

वेळ कमी असेल तर बाकी सगळं पुढच्या आठवड्यावर ढकला, पण हे करा. माउथपीसपासून मुख्य ट्यूनिंग स्लाइडपर्यंत जाणारी ही नळी सगळ्यात अरुंद, आणि तोंडातून येणारं सगळं आधी तिच्यात बसतं. तो थर आम्लधर्मी असतो. पितळातलं जस्त हळूहळू निघून जातं, तांबं उरतं, आणि बाहेरून गुलाबी-लालसर ठिपके दिसायला लागतात. ठिपका दिसला म्हणजे तिथे आतून पितळ सच्छिद्र झालेलं असतं. ते परत भरून येत नाही. लीडपाइप बदलावी लागते.

नेहमीच्या डबल हॉर्नवर मुख्य स्लाइड काढलेली असली की लीडपाइपमधलं पाणी त्या उघड्या तोंडातून बाहेर पडतं, व्हॉल्व्हपर्यंत जात नाही. स्लाइड आधी काढायची ती यासाठीच. स्लाइड जागेवर ठेवून माउथपीसकडून पाणी सोडलं तर लीडपाइपमधला गाळ सरळ रोटरमध्ये जातो. ‘धुतल्यानंतर व्हॉल्व्ह जास्तच जड झाला’ ही तक्रार बहुतेक वेळा इथली असते. तुमच्या हॉर्नची नळीजोडणी वेगळी असेल, तर आधी बोटाने नळीचा मार्ग तपासून घ्या आणि लीडपाइप कुठे उघडी पडते ते पाहा.

हॉर्न असा धरा की मुख्य स्लाइडचं उघडं तोंड खाली येईल. कोमट पाण्यात भांड्यांच्या सौम्य साबणाचे दोन-तीन थेंब घाला, माउथपीसकडून सोडा, मग लवचिक ब्रश हलक्या हाताने आत-बाहेर करा. ब्रश वळणावर अडला तर रेटू नका, परत ओढा. रेटलेल्या ब्रशचं टोक तुटून आत राहतं. शेवटी स्वच्छ पाणी सोडा, बाहेर येणारं पाणी पांढऱ्या वाटीत धरून पाहा, हिरवट कण दिसेनासे होईपर्यंत.

बोअरचं पाणी असेल तर शेवटचं खळखळणं गाळलेल्या किंवा आरओच्या पाण्याने करा. महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी बोअरचं पाणी जड असतं. त्याचा पांढरा थर बादलीवर दिसतो, नळीत दिसत नाही.

माउथपीसही याच वेळी छोट्या ब्रशने धुवा. अडकलेला माउथपीस पकडीने फिरवून काढू नका. त्यासाठी खेचून काढायचं खास साधन असतं आणि ते कोणत्याही बऱ्या कारागिराकडे असतं.

पूर्ण अंघोळ, म्हणजे सगळं हॉर्न टबमध्ये, वर्षातून दोनदा पुरे. पाणी कोमट. हाताला गरम लागलं तर लॅकरलाही गरमच. टबात टॉवेल अंथरा, बेलची (हॉर्नच्या पसरट तोंडाची) कड आपटू देऊ नका. अंघोळीनंतर हॉर्न सगळ्या बाजूंनी फिरवून पाणी काढा, बाहेरून पुसा आणि त्याच दिवशी तेल घाला. ओला, बिनतेलाचा रोटर रात्रभर ठेवायचा नसतो. उन्हात ठेवू नका, केस वाळवायचं यंत्रही नको.

टप्पा 3: ग्रीस आणि रोटर तेल, एकाच हालचालीत

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून सावकाश वाचा.

जुनं ग्रीस पूर्ण पुसलेलं आहे याची खात्री करा, पायांवरचं आणि ज्या नळीत पाय जातात तिच्या तोंडाशी असलेलंही. मग स्लाइडच्या पायाच्या बाहेरच्या अंगाला ग्रीसचा पातळ थर लावा. पातळ म्हणजे पितळ दिसलं पाहिजे. टोकाकडचा साधारण अर्धा सेंटिमीटर कोरडा सोडा, कारण पाय आत सरकताना ग्रीस पुढे ढकललं जातं आणि ते तिथेच जाऊन साचतं. हॉर्नच्या स्लाइड वाजवताना हलवायच्या नसतात. सूर लावला की त्या जागेवर राहायला हव्यात, म्हणून ग्रीस दाट.

आता तेल. बहुतेकजण स्लाइड काढून, ज्या नळीत ती जाते तिच्या तोंडात तेल सोडतात. त्या नळीच्या आतल्या भिंतीवर ग्रीस असतं. तेल ते ग्रीस विरघळवतं आणि सोबत घेऊन रोटरवर जातं. पहिले दोन दिवस सगळं छान चालतं, मग व्हॉल्व्ह जड होतो, मग माणूस आणखी तेल सोडतो, आणखी ग्रीस आत जातं.

योग्य रीत अशी: स्लाइड उभी धरा, दोन्ही पाय वर. एका पायाच्या *आत* रोटर तेलाचे तीन-चार थेंब सोडा. पायाच्या आतली बाजू स्वच्छ असते, ग्रीस बाहेरच्या अंगाला आहे. हॉर्न असा धरा की स्लाइड खालून वर बसवता येईल. लिव्हर दाबून स्लाइड आत सरकवा. मग हॉर्न हळूहळू उलटं करा, म्हणजे तेल पायातून वाहत सरळ रोटरवर पडेल. लिव्हर वीसेक वेळा वर-खाली करा. प्रत्येक व्हॉल्व्हसाठी एक स्लाइड पुरते, एफची किंवा बी-फ्लॅटची, कारण दोन्ही नळ्या एकाच रोटरला जाऊन मिळतात. अंगठ्याच्या रोटरसाठी एफ ट्यूनिंग स्लाइडमधून घाला.

> तपासणी: पाच मिनिटांनी एक स्लाइड पुन्हा काढून पायाच्या आत पाहा. आत ग्रीसची लकीर दिसली तर लावलेलं ग्रीस जास्त आहे. आत्ताच पुसा.

रोज वाजवणाऱ्याने रोटर तेल आठवड्यातून एकदा घालावं. पावसाळ्यात मी थोडं लवकर घालतो.

टप्पा 4: बेअरिंग आणि सांधे

रोटरच्या एका बाजूला फिरकीची टोपी असते. ती हाताने उघडा. आत दांड्याचं टोक दिसतं, त्याच्या मधोमध बेअरिंग तेलाचा एक थेंब. टोपी लावा. दुसऱ्या बाजूला, जिथे दोरी गुंडाळलेली असते तिथे, फिरणारा हब आणि त्याखालची स्थिर तबकडी यांच्यातल्या फटीत सुईने एक थेंब. दोरीवर तेल पडू देऊ नका, तेलकट दोरी स्क्रूखालून सरकते. पडलंच तर लगेच टिपून घ्या.

मग लिव्हर ज्या लांब दांड्यावर फिरतात तिथे लिंकेज तेल. मिनी-बॉल सांध्याचं (दोरीऐवजी बारीक गोळीच्या सांध्यांचं) हॉर्न असेल तर प्रत्येक सांध्यावरही.

व्हॉल्व्ह खडखडत असेल तर खरं कारण इथेच शोधता येतं. एकेका जागी एकेक थेंब घाला आणि दर वेळी लिव्हर दाबून ऐका. ज्या थेंबानंतर आवाज थांबतो, तीच जागा कोरडी होती. सगळीकडे एकदम तेल ओतलं तर आवाज कदाचित जाईल, पण कुठून येत होता ते कळणार नाही, आणि तोच आवाज दोन महिन्यांनी परत येईल. कुठल्याच थेंबाने फरक पडला नाही तर बंपर पाहा, ते पुढे आहेच.

टप्पा 5: दोरी बदलणे

दोरी विरायला लागली, तंतू सुटलेले दिसले की बदला. तुटायची वाट पाहू नका, ती वाजवतानाच तुटते.

एकच नियम मोडायचा नाही: एका वेळी एकच दोरी काढायची. शेजारच्या व्हॉल्व्हची जुनी दोरी हाच तुमचा नमुना. चारही एकदम काढल्या की गुंडाळण्याची दिशा आठवत नाही, आणि उलट्या दिशेने बांधलेली दोरी रोटर उलटा फिरवते.

दोरी काढली की, नवी बांधण्याआधी, हब बोटाने फिरवून पाहा. दोन्ही थांब्यांपर्यंत तो विनासायास गेला पाहिजे. बोटाने हलका फिरतोय आणि दोरी बांधली की जड होतो, तर दोष लिव्हरच्या दांड्यात किंवा दोरीच्या ताणात आहे. बोटानेही अडखळतो, तर रोटर घाण आहे किंवा वाकलेला आहे, आणि नवी दोरी त्यावर उपाय नाही. ही परीक्षा फक्त दोरी नसतानाच करता येते, म्हणून चुकवू नका.

आता बांधणी:

1. साधारण 18 सेंटिमीटर दोरा कापा. दोन्ही टोकं काडेपेटीच्या आचेवर क्षणभर धरा म्हणजे तंतू सुटणार नाहीत. एका टोकाला घट्ट गाठ मारा.

2. लिव्हरच्या पट्टीला दोन भोकं असतात, एक लिव्हरकडे, एक टोकाला. लिव्हरकडच्या भोकातून दोरा ओवा, गाठ भोकाशी अडेपर्यंत.

3. दोरा हबभोवती फिरवून हबवरच्या छोट्या स्क्रूखाली एक वेढा द्या. स्क्रू आत्ता फक्त हलका आवळा.

4. हबची उरलेली बाजू पार करून दोरा पट्टीच्या टोकाच्या भोकातून काढा. वरून पाहिलं तर मराठी ८ नाही, इंग्रजी 8 च्या आकड्यासारखा मार्ग दिसतो. दिशेबद्दल शंका असेल तर शेजारी पाहा.

5. टोकाच्या स्क्रूभोवती दोरा घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गुंडाळा. त्या दिशेने गुंडाळला तर स्क्रू आवळताना दोराही ताणला जातो. उलट गुंडाळला तर आवळताना सैल होतो. दोरा ताणून धरा आणि हा स्क्रू पूर्ण आवळा.

6. आता लिव्हरची उंची. हबवरचा स्क्रू थोडा सैल करा, लिव्हर शेजारच्या लिव्हरच्या पातळीला आणा, तशीच धरून स्क्रू घट्ट करा.

7. जास्तीचा दोरा साधारण एक सेंटिमीटर ठेवून कापा. नवी दोरी एक-दोन दिवसांत जराशी ढिली होते, तेव्हा पुन्हा ताणायला तेवढा लागतो.

> सावधान: स्क्रूड्रायव्हर खाचेपेक्षा लहान असेल तर काम थांबवा. हे स्क्रू मऊ धातूचे असतात. खाच एकदा बिघडली की स्क्रू काढायलाच कारागीर लागतो.

टप्पा 6: बंपर आणि खुणा

रोटर फिरून जिथे थांबतो तिथे बुचाचे किंवा निओप्रीनचे दोन छोटे तुकडे असतात. ते झिजले की रोटर थोडा जास्त फिरतो, आतलं भोक नळीसमोर नीट येत नाही, आणि स्वर दबका, अडलेला निघतो. वाजवणारा ओठांना दोष देत बसतो.

तपासणं सोपं आहे. टोपी उघडा. दांड्याच्या टोकावर आणि आजूबाजूच्या तबकडीवर बारीक रेघा कोरलेल्या दिसतील. लिव्हर मोकळी असताना एक जोडी समोरासमोर आली पाहिजे, दाबलेली असताना दुसरी. दोन्ही स्थितींत भिंगाने पाहा. रेघ पुढे गेली असेल तर त्या थांब्याचा बंपर झिजलाय, अलीकडे थांबत असेल तर बंपर जाड आहे.

नवा तुकडा बसवता येतो, पण किंचित जाड ठेवून, धारदार नव्या ब्लेडने केसभर केसभर कापत. एकदा जास्त कापला की नवा घ्यावा लागतो.

रोटर बाहेर काढण्याबद्दल दरवेळी विचारलं जातं. माझं मत स्पष्ट आहे: कोणी शेजारी बसून शिकवल्याशिवाय काढू नका. तो ठोकून बाहेर येतो आणि बेअरिंगची तबकडी अगदी सरळ बसली नाही तर रोटर जाम होतो. वर्षातून एकदा हे काम कारागिराला द्या.

टप्पा 7: सूर जुळवून पाहणे

सुरुवातीच्या फोटोप्रमाणे स्लाइड आपापल्या जागी आणा. हॉर्न पाचेक मिनिटं वाजवून गरम होऊ द्या, थंड हॉर्नवर लावलेला सूर टिकत नाही.

मग ट्रेबल क्लेफमधला तिसऱ्या जागेतला सी घ्या, म्हणजे पियानोवरचा एफ. हा स्वर दोन्ही बाजूंवर मोकळ्या बोटांनी निघतो, म्हणून तुलनेला उत्तम. आधी अंगठा दाबून, बी-फ्लॅट बाजूवर, मुख्य स्लाइडने ट्यूनरशी जुळवा. मग अंगठा सोडा आणि फक्त एफ ट्यूनिंग स्लाइड हलवून तोच सूर आणा. काही हॉर्नवर अंगठ्याची लिव्हर उलटी लावलेली असते. तसं असेल तर दाबणं-सोडणं उलट समजा. क्रम मात्र तोच. मुख्य स्लाइड दोन्ही बाजूंवर परिणाम करते, म्हणून एफ आधी लावून मग मुख्य हलवली तर पहिलं काम वाया जातं.

शेवटी एक सावकाश क्रोमॅटिक सप्तक (एकही अर्धस्वर न सोडता), सगळं जोडून, जीभ न लावता. एखाद्या बदलावर खरखर किंवा थबकणं आलं तर तोच व्हॉल्व्ह टप्पा 4 पासून पुन्हा तपासा.

पावसाळ्यात पेटीचं काय करायचं

मुंबई-कोकण-गोव्यात जून ते सप्टेंबर हॉर्न बिघडतं ते बहुतेक पेटीत. वाजवून झाल्यावर पाणी काढा, बेलच्या आत जिथे उजवा हात असतो तो भाग आणि डाव्या हाताची पकड सुक्या फडक्याने पुसा. घामाने लॅकर तिथेच आधी जातं. तालमीच्या मध्ये चहा-बिस्किट झालं असेल तर वाजवण्याआधी चूळ भरा, साखर लीडपाइपमध्ये चिकटते. घरी आल्यावर पेटी तासभर उघडी ठेवा. सिलिका जेलच्या पुड्या पेटीत ठेवा आणि महिन्याने बदला. अस्तराला कुबट वास आला तर कोरड्या दिवशी पेटी, हॉर्न न ठेवता, उन्हात उघडी टाका.

ओलं फडकं, तेलाची उघडी बाटली आणि माउथपीस पेटीत सुटे ठेवू नका. माउथपीस घरंगळत जातो आणि बेलला आतून पोचा पाडतो.

खालीलपैकी काही दिसलं तर घरचे उपाय थांबवून हॉर्न कारागिराकडे न्या: लीडपाइपवर लालसर ठिपका, दोरीशिवायही अडखळणारा रोटर, लिव्हर न दाबता स्लाइड ओढल्यावर कधीच ‘फट्’ न होणं (म्हणजे रोटर किंवा स्लाइड झिजून हवा गळते आहे), किंवा सुटलेला सांधा. सांध्याला डिंक किंवा झटपट चिकटवणारं काही लावून नेऊ नका. ते आधी खरवडून काढावं लागतं आणि झाळकाम त्यानंतर.